मर्जी मिळाली, पण स्वभाव बदलला का? बाल्डर्स गेट ३ मधले साथीदार घडवताना

रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजे एखादं पात्र होऊन गोष्ट पुढे नेण्याच्या खेळात, नवा आलेला खेळाडू पहिल्या तासाभरातच एक गोष्ट हेरतो. संवादात एखादं उत्तर निवडलं की पडद्याच्या कोपऱ्यात ओळ झळकते: अमक्याला हे पटलं, तमकीला हे पटलं नाही. तिथून पुढे बरेच जण त्या ओळीसाठीच खेळतात. समोर जो असेल त्याला रुचेल तेच बोलायचं. आणि मग कितीतरी तासांनी तोच लाडका साथीदार (गोष्टीत बरोबर फिरणारं, गेमने लिहिलेलं पात्र) एखाद्या वळणावर असं काही करून बसतो की खेळाडू डोक्याला हात लावतो. 'याची मर्जी तर मी पूर्ण राखली होती!'

राखली होती, खोटं नाही. पण साथीदाराची मर्जी आणि साथीदाराचा स्वभाव यांचा हिशेब गेम वेगवेगळा ठेवतो. मर्जी रोज थोडी थोडी वाढते किंवा घटते. स्वभाव मात्र मोजक्या प्रसंगांत वळतो, आणि ते प्रसंग कुठले हे नवख्याला कोणी सांगत नाही. ते ओळखायचे कसे, त्यांच्यापर्यंत कशा तयारीने पोचायचं आणि तिथे तोंड कधी उघडायचं, एवढ्यापुरता हा लेख आहे.

उदाहरण म्हणून लॅरियन स्टुडिओजचा 'बाल्डर्स गेट ३' घेतला आहे. हा गेम ३ ऑगस्ट २०२३ रोजी पीसीवर पूर्ण स्वरूपात आला. तो 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळाच्या नियमांवर चालतो, त्यामुळे संवादातही अधूनमधून फासे पडतात. यातले साथीदार इतक्या बारकाईने लिहिलेले आहेत की शिकायला याच्यासारखा दुसरा गेम सध्या तरी मला दिसत नाही. एक इशारा आधीच देतो: पाचव्या पायरीपासून शॅडोहार्ट आणि ॲस्टॅरियन यांच्या कथा पार शेवटापर्यंत उघड केल्या आहेत. ज्यांना कोरं राहायचंय त्यांनी चौथ्या पायरीला थांबावं.

पहिली पायरी: स्वतःचं पात्र नवं बनवा

सुरुवातीला गेम विचारतो की तुम्ही कोण. ॲस्टॅरियन, शॅडोहार्ट, गेल, लेझेल, विल, कार्लॅक यांपैकी कोणीही होऊन खेळता येतं. 'डार्क अर्ज' नावाचं रक्तपिपासू पार्श्वभूमीचं पात्रही मिळतं. पहिल्या खेपेला यातलं काहीही नको. ॲस्टॅरियन होऊन खेळलात तर ॲस्टॅरियनचे निर्णय तुमचेच होतात, त्याला बाहेरून वळताना बघण्यातली गंमत हातची जाते. आपलं साधं नवं पात्र घ्या. बोलून काम काढणारा वर्ग (पात्राचा पेशा) निवडलात, म्हणजे बार्ड, वॉरलॉक, सॉर्सरर किंवा पॅलाडिन, तर मन वळवण्याच्या फाशांना चांगली भर मिळते.

अडचणीची पातळी 'एक्सप्लोरर' किंवा 'बॅलन्स्ड' ठेवा. 'ऑनर मोड'च्या वाटेला जाऊ नका. तिथे एकच सेव्ह (खेळाची साठवलेली नोंद) असतो, आणि शिकणाऱ्याला मागे वळून बघायची सोय लागतेच.

गेममध्ये मराठी नाही, हिंदीही नाही. सबटायटल्स सुरू ठेवा. उत्तर निवडायला गेम घाई करत नाही, चार पर्याय समोर ठेवून तो वाट बघत बसतो. प्रत्येक पर्याय दोनदा वाचा. कित्येक वेळा 'मी तुझ्या बाजूने आहे' आणि 'मी सांगतो तसं कर' यांतला फरक एका शब्दाचा असतो.

दुसरी पायरी: कोणाला बरोबर न्यायचं ते आधी ठरवा

फिरताना तुम्ही आणि आणखी तिघे, एवढीच जागा. बाकीचे कॅम्पवर. तुम्ही रस्त्यात काय केलं त्यावर प्रतिक्रिया येतात त्या बहुतेक बरोबर असलेल्यांच्या. कॅम्पवर बसलेल्याला तुमचा चांगुलपणाही दिसत नाही आणि क्रौर्यही.

म्हणून सगळ्यांना आळीपाळीने फिरवण्याचा मोह आवरा. पहिल्या खेळात दोघांवर लक्ष द्या, तिसरी जागा लढाईच्या गरजेप्रमाणे भरा. माझी शिफारस शॅडोहार्ट आणि ॲस्टॅरियन. दोघेही गोष्टीच्या सुरुवातीला तुमचं जहाज कोसळतं त्या किनाऱ्याच्या आसपासच भेटतात, दोघेही खोटं बोलतात, आणि तुमच्या वागण्याने दोघांचंही आयुष्य खरोखर दोन टोकांना जाऊ शकतं. ॲस्टॅरियन तर पहिल्याच भेटीत गळ्याला सुरा लावतो. त्याला तिथेच हाकलणारे खेळाडू मी समजू शकतो, पण हाकलू नका.

काही साथीदार एकाच निर्णयावर कायमचे निघून जातात हेही माहीत असू द्या. पहिल्या अंकात, म्हणजे गोष्टीच्या तीनपैकी पहिल्या भागात, ड्रुइडांच्या (निसर्गपूजकांच्या) वनात आसऱ्याला आलेल्या टीफलिंग या शिंगं असलेल्या जमातीच्या लोकांची शत्रूकडच्या मिन्थाराच्या बाजूने कत्तल केलीत तर विल आणि कार्लॅक तुमच्यासोबत राहत नाहीत. शॅडोहार्ट आणि लेझेल यांचं एकमेकींशी पटत नाही, एका रात्री प्रकरण सुऱ्यावर येतं. मध्ये पडायला कचरू नका.

तिसरी पायरी: झोपा, भरपूर झोपा

नवखे सर्वांत जास्त नुकसान करून घेतात ते इथे. 'लाँग रेस्ट', म्हणजे रात्रभराची पूर्ण विश्रांती, घेतली की वेळ वाया जाईल, राक्षस पुढे निघून जातील, अशी भीती गेमची गोष्टच घालते: तुमच्या पात्राच्या आणि साथीदारांच्या डोक्यात परजीवी किडा आहे, लवकर उपाय करा. प्रत्यक्षात थोडेसे ठरावीक प्रसंग सोडले तर रात्री मोजल्या जात नाहीत. उलट साथीदारांचे खासगी प्रसंग रात्रीच्या कॅम्पवरच घडतात. सहसा एका रात्री एकच प्रसंग येतो आणि बाकीचे रांगेत राहतात. गोष्ट पुढच्या अंकात गेली की रांगेतले काही प्रसंग बादच होतात.

बॅलन्स्ड पातळीवर एका पूर्ण विश्रांतीला ४० अन्नसाठा लागतो. रस्त्यातली पिंपं, टोपल्या, स्वयंपाकघरं उचकटत चला, साठा कमी पडत नाही. एखादी मोठी लढाई किंवा मोठं गुपित उघडं झालं की झोपाच. आणि सकाळी निघण्याआधी ज्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह दिसेल त्याच्याशी बोला. चिन्ह नसलं तरी बोला, एखादा नवा प्रश्न उगवलेला असतो.

चौथी पायरी: आकडा आणि नोंद यांतला फरक

पात्रांच्या माहितीपानावर प्रत्येक साथीदाराच्या मर्जीची पट्टी दिसते. ही पट्टी म्हणजे एक आकडा. शॅडोहार्टला खोदून प्रश्न विचारले की ती आखडते, तिचं गुपित तिच्याकडे राहू दिलं की सैलावते. लेझेलला आडवळणाने बोललेलं खपत नाही. ॲस्टॅरियनला दुसऱ्यांसाठी फुकट राबलेलं आवडत नाही, थोडी खोडी आणि थोडा दुष्टपणा आवडतो. गेलला त्याच्या जादुई भुकेसाठी सुरुवातीला दोन-तीन मंतरलेल्या वस्तू खायला द्याव्या लागतात. ही मागणी लेखकांनी जरा ओढूनताणून घातली आहे असं मला वाटतं, पण द्या, नाहीतर तो नाराज होऊन चालता होतो.

पण गेम या आकड्याखेरीज आणखी काही टिपत असतो. गेम बनवणारे त्याला 'फ्लॅग' म्हणतात. तुम्ही अमक्या प्रसंगी अमुक बोललात, हो की नाही, एवढीच ती नोंद. मर्जीचा आकडा बँकेतल्या शिल्लकीसारखा आहे, आज काढला तर उद्या भरता येतो. फ्लॅग म्हणजे सातबाऱ्यावर चढलेला फेरफार, तो पुढच्या प्रत्येक व्यवहारात समोर येतो. स्वभाव बदलतो तो या नोंदींमुळे. आकड्याचं काम एवढंच, की निर्णायक क्षणी साथीदार तुमचं ऐकून घेईल की नाही ते ठरवणं.

म्हणून मर्जी जमवा जरूर, पण ती कशासाठी खर्चायची ते डोक्यात ठेवून. प्रत्येक उत्तराला टाळी मिळालीच पाहिजे असं नाही. ॲस्टॅरियनला नापसंत असूनही एखाद्या पोराला वाचवलंत तर पट्टी किंचित उतरेल, दोन दिवसांत भरून निघेल. त्यासाठी पोराला मरू देऊ नका.

पाचवी पायरी: छोट्या नकाराकडे लक्ष ठेवा

दुसऱ्या अंकात मूनराइज टॉवर्स या शत्रूच्या किल्ल्यात अराज ऑब्लोड्रा नावाची ड्राऊ (जमिनीखाली राहणाऱ्या एल्फ जमातीची) बाई भेटते, रक्तापासून औषधं बनवणारी. ॲस्टॅरियन व्हॅम्पायर आहे. तो बरोबर असेल तर तिला एक इच्छा होते: व्हॅम्पायरने आपल्याला चावावं. बदल्यात ती असं औषध देऊ करते की पिणाऱ्याची ताकद कायमची २ ने वाढते. गेमच्या हिशेबात हे घबाड आहे. अशा कायमच्या वाढी फार थोड्या मिळतात.

ॲस्टॅरियन नको म्हणतो. त्याला तिच्या रक्ताचा वासच सहन होत नाही. ती तुमच्याकडे वळून म्हणते, तूच सांग त्याला.

या क्षणी गेम तुम्हाला कुठलाही इशारा देत नाही. मोठं संगीत नाही, 'हा निर्णय महत्त्वाचा आहे' अशी पाटी नाही. पण या माणसाची पूर्वकथा आठवा. कॅझॅडोर नावाच्या व्हॅम्पायर मालकाने त्याला २०० वर्षं गुलाम ठेवलं. मालकाच्या हुकमावरून लोकांना भुलवून घरी आणायचं, त्यासाठी स्वतःचं शरीर वापरायचं, आणि नाही म्हणायची सोय नाही. आता पहिल्यांदा कोणीतरी त्याचा 'नाही' ऐकतंय की पुन्हा एकदा कोणीतरी त्याचं शरीर भाड्याने देतंय, हा प्रश्न एका औषधाच्या बाटलीमागे लपवलेला आहे.

त्याच्या बाजूने उभे राहिलात, तर तो नंतर कॅम्पवर याबद्दल बोलतो. त्याच्याशी तुमचं प्रेमप्रकरण चालू असेल तर इथेच तो कबूल करतो की सुरुवातीला तुम्हाला भुलवणं हासुद्धा जीव वाचवायचा एक डाव होता, आणि आता तसं राहिलेलं नाही. अख्ख्या गेममधला हा मला सर्वांत प्रामाणिक वाटणारा संवाद आहे. त्याला भरीस घातलंत, तर औषध मिळतं, आणि त्याला एवढंच कळतं की मालक बदलला.

नवख्यांनी यातून एक सवय लावून घ्यावी: साथीदार स्वतःहून 'नको' म्हणतो ती जागा हेरायची. तो कशाला हो म्हणतो यावरून त्याची आवड कळते. तो कुठे नको म्हणतो आणि तुम्ही त्याचं काय करता, यावर पुढचं बरंच काही उभं राहतं. शॅडोहार्टच्या हातावरची जखम अधूनमधून ठणकते, तेव्हा ती विषय टाळते. गेल त्याची पूर्वीची प्रेयसी असलेल्या मिस्ट्रा देवीबद्दल एका मर्यादेपलीकडे बोलत नाही. अशा टाळाटाळीच्या जागा लक्षात ठेवा.

सहावी पायरी: मोठ्या वळणावर कमी बोला

शॅडोहार्ट अंधाराच्या शार देवीची भक्त. तिच्या आठवणी पुसलेल्या आहेत आणि ते तिला माहीत आहे, श्रद्धेपोटी तिने ते मान्यही केलंय. दुसऱ्या अंकात शारच्या मंदिरातल्या कसोट्या पार करून ती शॅडोफेल या सावल्यांच्या जगात उतरते. तिथे नाइटसाँग म्हणून ओळखली जाणारी डेम एलिन कैद आहे. हातात भाला, आणि देवीची आज्ञा: हिला मार, म्हणजे तू डार्क जस्टिशियर, माझी खास योद्धा. इतके दिवस ती जे मागत होती, नेमकं तेच.

आत जाण्याआधी चार गोष्टी करा. शॅडोहार्ट तुमच्याबरोबर असलीच पाहिजे, हा प्रसंग तिचा आहे. वेगळा सेव्ह करून त्याला नाव द्या. मंदिरात वाटेत तिच्याशी बोलत राहा. आणि त्या भागातली इतर कामं आधी उरका, कारण इथून पुढे घटना वेगाने पुढे सरकतात.

प्रत्यक्ष प्रसंगात पर्याय येतात. तिला 'मार' म्हणता येतं. तिला अडवता येतं. आणि तिसरा पर्याय असा की निर्णय तिच्यावर सोडायचा, तुझ्यावर विश्वास आहे एवढंच म्हणायचं. खेळाडूचा हात बहुधा पहिल्या दोनांकडे जातो, कारण एवढे तास खेळून आपण काहीतरी 'करावं' असं वाटतं. पण तुमच्यावरचा तिचा विश्वास पुरेसा असेल, तर निर्णय तिच्यावर सोपवल्यावर ती भाला स्वतःहून फेकून देते. जमवलेली मर्जी खर्च होते ती इथे, आणि तीही हुकूम न सोडण्यात. मर्जी कमी असेल तर मात्र हाच पर्याय अंगलट येतो. ती तिच्या देवीचं ऐकते, आणि दोष कोणाला देणार?

पुढचं चित्र पार वेगळं. भाला टाकलेली शॅडोहार्ट केस पांढरे करून येते, हळूहळू चंद्रदेवी सेलूनेकडे वळते. सुटलेली डेम एलिन मूनराइजवर तिथला सेनापती केथेरिक याच्याविरुद्ध तुमच्या बाजूने लढते. तिसऱ्या अंकात 'हाउस ऑफ ग्रीफ' या शारभक्तांच्या ठाण्यात तिचे आईवडील सापडतात, जिवंत पण कैदेत. त्यांना मुक्त केलं तर ते मरतात आणि तिची जखम कायमची जाते. त्यांना वाचवलं तर शारचा शाप, आणि तो ठणका, तिच्याकडे राहतो. इथेही तिला काय वाटतं ते आधी ऐकून घ्या. आणि जिने भाला चालवला ती? ती शारच्या पंथात वर चढते, लढाईत धारदार होते, तुमच्याशी निष्ठावंतही राहू शकते. तिला 'वाईट शेवट' म्हणणं मला सोपं वाटत नाही. एका भक्ताने हवं ते मिळवलंय, फक्त त्याची किंमत तिला आठवत नाही.

ॲस्टॅरियनचं वळण याहून कठीण, कारण तिथे गप्प राहून भागत नाही. तिसऱ्या अंकात कॅझॅडोरच्या महालाखाली तळघर आहे. तिथे सुमारे ७,००० व्हॅम्पायर कैद आहेत, त्यांतल्या कित्येकांना भुलवून ॲस्टॅरियननेच आणलेलं. कॅझॅडोरचा विधी त्याने स्वतः पुरा केला तर हे सगळे बळी जातात आणि तो उन्हात फिरू शकणारा सर्वशक्तिमान व्हॅम्पायर होतो. हे त्याला मनापासून हवंय, कितीतरी दिवस तो तेच बोलतोय. मदत केलीत तर तो खूश. जो फक्त मर्जी राखत आला असेल तो इथे हमखास मदत करतो. आणि मग समोर उभा राहतो तो दुसरा कॅझॅडोर: तुमच्यावर प्रेम असेल तर तेही मालकाच्या भाषेत बोलणारा.

त्याचं मन वळवायचं असेल तर फाशाची तयारी ठेवा. प्रेरणेचे गुण शिल्लक असू द्या, त्यांनी फासा पुन्हा टाकता येतो. 'तुला हे जमणार नाही' असल्या सुराचे पर्याय टाळा, 'तू त्याच्यापेक्षा वेगळा आहेस' या सुराचे घ्या. विधी नाकारला तर तो कॅझॅडोरला सुऱ्याने भोसकत राहतो आणि मग कोसळून रडतो. त्याला शक्ती मिळत नाही. शेवटच्या लढाईनंतर ज्याच्यामुळे त्याला ऊन सोसत होतं तो डोक्यातला किडा मरतो, ऊन पुन्हा भाजायला लागतं आणि तो सावलीकडे धावत सुटतो. लेखकांनी हा तोटा लपवलेला नाही, ते बरं केलं.

हाच डाव इतर गेममध्ये

बायोवेअरच्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मध्ये (२००९) भेटवस्तू देऊन मर्जी जवळपास विकतच घेता येते. पण अ‍ॅलिस्टरचा स्वभाव कणखर होतो तो भेटवस्तूंनी नाही. डेनेरिममध्ये त्याची सावत्र बहीण गोल्डाना त्याला झिडकारते, त्यानंतर तुम्ही त्याला गोंजारता की जगात जो तो आपलं बघतो असं खडसावता, यावर ते ठरतं. कणखर झालेला अ‍ॅलिस्टर राजा व्हायला तयार होतो, दुसरा कुरकुरतो. याची पट्टी पडद्यावर कुठेही नाही.

'ड्रॅगन एज: इन्क्विझिशन'मधला (२०१४) आयर्न बुल याहून झणझणीत. त्याच्या खास मोहिमेत त्याच्या चार्जर्स टोळीला वाचवायचं की त्याच्या मूळ लोकांचं, कुनारींचं, जहाज, हे तुम्ही ठरवता. टोळी मरू दिलीत तर तो कुनशी, म्हणजे कुनारींच्या धर्माशी, एकनिष्ठ राहतो, आणि 'ट्रेसपासर' या पुढच्या भागात तुमच्यावर उलटतो. मर्जी कितीही असो, प्रेम असो, उलटतोच.

ऑब्सिडियनच्या 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २'मध्ये (२००४) गणित उघड आहे. साथीदारांवर तुमचा प्रभाव जास्त असेल तर ते तुमच्यासारखे उजेडाकडे किंवा अंधाराकडे झुकतात, प्रभाव अगदी घसरला तर नेमके उलट्या दिशेला. 'ड्रॅगन एज २' (२०११) मैत्री आणि वैर अशी दोन टोकं ठेवतो. तिथे ठाम विरोध केल्यानेही नातं गहिरं होतं, गुळमुळीत राहण्याने काहीच होत नाही. बाल्डर्स गेट ३ संपल्यावर यांतला एखादा घ्याच. चित्रं जुनाट वाटतील, लेखन वाटणार नाही.

शेवटची पायरी: जुने सेव्ह पुसू नका

नाव देऊन ठेवायचे सेव्ह तीन: अराजशी बोलण्याआधीचा, शॅडोफेलमध्ये उतरण्याआधीचा आणि कॅझॅडोरच्या तळघराच्या दारातला. गेम पूर्ण खेळा. नोव्हेंबर २०२३ अखेरच्या पाचव्या पॅचमध्ये (गेममधल्या सुधारणेत) सहा महिन्यांनंतरच्या मेजवानीचा उपसंहार जोडला आहे, तो घाईने सोडू नका, प्रत्येकाशी निवांत बोला. त्यानंतर तळघराच्या दारातला सेव्ह उघडा आणि दुसरी वाट घ्या. तिथून शेवटापर्यंतचा रस्ता फार लांब नाही, आणि उपसंहारात तोच चेहरा वेगळ्या आवाजात बोलताना ऐकला की पहिल्या खेपेला कुठली नोंद कुठे चढली होती ते आपोआप दिसायला लागतं. शॅडोफेलचा सेव्ह दुसऱ्या सुट्टीसाठी ठेवा, तिथून पुढे अख्खा तिसरा अंक पुन्हा खेळावा लागतो.